कोपरा दुमडलेलं पान

पेन्सिलीला टोक काढून काढून ती करंगळीएवढी उरली, तरी निळ्या बाईंना एक धड वाक्य सुचलेलं नव्हतं. समोर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात एक्केचाळीस कार्डं आणि प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर इंग्रजीतला एकेक वाक्प्रचार. सगळे संगतीचे, नाहीतर ताटातुटीचे. अर्थ केव्हाच लिहून झाले होते. राहिली होती उदाहरणाची वाक्यं, आणि उदाहरणं लिहिणं हे मुळी त्यांचं काम नव्हतं. ते हिरव्या बाईंचं काम. हिरव्या बाई मात्र अकरा महिने या घराची पायरी चढल्या नव्हत्या.

ही नावं छापखान्यात पडली. दोघी एकाच शाळेत इंग्रजी शिकवायच्या. एका वर्षी परीक्षेत ‘झिडकारणं’ या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः धरून एका मुलीने लिहिलं की मैत्रिणीने तिला थंड खांदा दिला आणि त्यामुळे तिला ताप आला. शिक्षकांच्या खोलीत दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. हसू ओसरल्यावर एकीने विचारलं, बरं, मग आपण काय लिहिलं असतं? आणि दोघींनाही चटकन सांगता आलं नाही. त्या दिवशी पहिलं कार्ड झालं, जुन्या प्रगतिपुस्तकाची कोरी पाठ कापून. तेव्हा शाई बाटलीत मिळायची आणि बोटांवर आठवडाभर राहायची. एकीने निळ्या शाईत अर्थ लिहिला, दुसरीने हिरव्या शाईत वाक्य. तीच पुढे रीत झाली, आणि त्या रीतीवर एकतीस वर्षं गेली.

रीत मोठी कडक होती. एका हाताने पुरं कार्ड कधी लिहायचं नाही. पेन्सिलीने लिहिलेलं ते कच्चं, शाईने लिहिलेलं ते पक्कं. डबा पुरा झाल्याशिवाय निळ्या बाईंच्या घरातून हलवायचा नाही. आणि एकीचं लिहिणं दुसरीला पटलं नाही तर खोडायचं नाही, शेरा मारायचा नाही. कार्डाचा उजवा वरचा कोपरा दुमडून ते डब्यात परत ठेवायचं. दुमडलेला कोपरा म्हणजे, मला हे मान्य नाही, यावर आपण समोरासमोर बसून बोलू. फोनवर नाही, चिठ्ठीत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ती दुमडलेली कार्डं पत्त्यांसारखी पडायची आणि दोघी हमरीतुमरीवर यायच्या. ऐन वेळी कच खाणाऱ्याचे पाय गार पडतात असं इंग्रज म्हणतो. त्या गार पायांचं कार्ड चार वर्षं दुमडलेलं राहिलं होतं. निळ्या बाईंचे यजमान होते तेव्हा म्हणायचे, तुमचं पुस्तक होईपर्यंत इंग्रजच इंग्रजी विसरतील.

हवामानाचा डबा झाला, अवयवांचा झाला, जनावरांचे दोन झाले. बावीस डबे छापखान्यात गेले आणि तेविसावा राहिला. संगत आणि ताटातूट. नेहमी मागे टाकलेला, कारण दोघींना वाटायचं की हा तर हातचा मळ आहे, शेवटी दोन दुपारींत उरकू.

मग गेल्या वर्षी हिरव्या बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायचं नाही, लिहायचं नाही. नेमके तेव्हाच छापखान्याला चार डबे हवे होते. निळ्या बाई एकट्याच कार्डं शेवटची नजरेखालून घालत होत्या, आणि त्यातली एकदोन वाक्यं त्यांना जुनाट वाटली. कुठे तार आली म्हणून घरात रडारड, कुठे ट्रंककॉल लागायला दोन तास. आजच्या पोरांनी तार कधी पाहिलीय? त्यांनी ती वाक्यं बदलली. एवढंच. आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा, हा आपला त्यांचा विचार. पक्क्या कार्डावर वाक्य हिरव्या शाईतलंच लागतं, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून एक हिरवं पेन आणलं आणि नवी कार्डं करून टाकली.

पट्टी सुटली, प्रुफं आली, आणि हिरव्या बाईंनी ती याच टेबलावर बसून वाचली. ओरडल्या नाहीत. हातातला कप खाली ठेवला, "माझी शाई तू वापरलीस," एवढंच म्हणाल्या, चपला घातल्या आणि गेल्या. चहा अर्धा तसाच.

एवढ्याशा गोष्टीवरून, असं निळ्या बाई अकरा महिने सुनेला सांगत होत्या. दर वेळी सांगताना वाक्यं एकदोनच राहिली, आणि हिरव्या बाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला गेल्याचे दिवस मात्र वाढत गेले. सून ऑफिसातून दमून आलेली असायची. भाजी निवडता निवडता ती एकदा म्हणाली, "आई, भांडायचं तर नीट भांडा की. त्या तिकडे गप्प, तुम्ही इकडे माझ्याशी भांडताय."

छापखान्याच्या मालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. प्रुफांचे दोन संच काढायचे, एक निळ्या बाईंकडे, एक हिरव्या बाईंकडे, ही त्यांची जुनी पद्धत, आणि दोन्हीकडून ती वेळच्या वेळी तपासून येत होती. निळ्या बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की हिरव्या बाईंना अजून बरं वाटत नाही, म्हणून शेवटच्या डब्याला उशीर होतोय. मालकांनी तिकडे चौकशी केली, तर हिरव्या बाई म्हणाल्या, "त्या म्हणतात तसंच." दोघी सख्ख्या बहिणींसारख्या एकच थाप मारत होत्या, आणि एकमेकींना विचारल्याशिवाय.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. मालकांनी छापखाना आवरायला काढला होता. यंत्रं विकली गेली होती, महिनाअखेर ती उचलून नेणार होते. त्याआधी पुस्तक छापून घ्या, नाहीतर माझ्यासारखा दुसरा वेडा शोधा, असं त्यांनी हसत सांगितलं होतं, पण ते हसणं शेवटचं होतं.

डबा तसाच हिरव्या बाईंकडे पाठवून द्यावा, असं सून म्हणाली. निळ्या बाईंना ते पटेना. डबा पाठवणं म्हणजे हात जोडणं. आणि ती उघडणार कशावरून? तसाच परत आला म्हणजे? त्यापेक्षा स्वतः लिहिलेलं बरं. पण ड्रॉवरमधलं हिरवं पेन त्यांच्याने हातात धरवेना. म्हणून पेन्सिल. आधी कच्चं लिहू, मग बघू.

जमेना. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या, पण स्वतःचं वाक्य लिहायला बसलं की ते सरकारी पत्रासारखं व्हायचं. हिरव्या बाईंच्या वाक्यात कुणीतरी जिवंत माणूस असायचा. कुणाची तरी मावशी लग्नात रुसून बसलेली, कुणाचा तरी साहेब छत्री विसरलेला. निळ्या बाईंच्या वाक्यात नुसती ‘एक व्यक्ती’ असायची, आणि ती दुसऱ्या व्यक्तीपासून विभक्त व्हायची. दोन दिवस त्यांनी अशा व्यक्ती विभक्त केल्या, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या खोडरबराने पुसून टाकल्या. कार्डं काळवंडली. त्यांना इंग्रजांचाही राग यायला लागला. भांडायला दोघं लागतात एवढं सांगायला त्यांना कुठला तरी परदेशी नाच आठवतो; आमच्याकडे टाळीवर भागतं. परतीचा मार्ग बंद करायला ते पूल जाळतात. आमचे लोक दोर कापून मोकळे होतात. उगाच लाकडाची नासाडी.

मग गुरुवारी दुपारी त्यांचा बांध फुटला. जिवंत माणूस हवा ना वाक्यात? घ्या. त्यांनी पेन्सिल अशी चालवली की एका बैठकीत एक्केचाळीस वाक्यं झाली, आणि त्यातल्या निम्म्यांत एकच बाई होती. चांगल्या दिवसांपुरत्या मित्राला इंग्रज उघडिपीतला मित्र म्हणतो, तिथे त्यांनी लिहिलं: ‘मी रोज तिच्या डोळ्यांत औषध घालायला गेले, आणि दिसू लागल्यावर तिने मलाच पाहायचं सोडलं.’ एका शेंगेतल्या दोन दाण्यांखाली लिहिलं: ‘शाळेत आम्हा दोघींना एका शेंगेतले दाणे म्हणत, पण एक दाणा किडका निघाला.’ पूल जाळण्याखाली लिहिलं: ‘एका वाक्यासाठी तिने तीस वर्षांचा पूल जाळला.’ निरोप न घेता सटकण्याखाली: ‘चहा अर्धा टाकून ती निघून गेली.’ लिहून झाल्यावर त्यांना तापानंतर घाम यावा तसं हलकं वाटलं. हे काही छापायचं नव्हतं. कच्चं होतं, पेन्सिलीचं. उद्या पुसून शहाण्यासारखं लिहू, असं म्हणून त्यांनी डब्याला झाकण लावलं.

शुक्रवारी सकाळी दात दुखायला लागला म्हणून त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. परत आल्या तर टेबल लख्ख पुसलेलं आणि डबा नाही. छापखान्याचे मालक स्कूटरवरून जाता जाता डोकावले होते, त्यांनी डबा झाला का विचारलं, सुनेने झाकण उघडून पाहिलं, सगळ्या कार्डांवर वरपासून खालपर्यंत लिहिलेलं दिसलं, आणि तिने तो देऊन टाकला. तिला वाटलं, चला, एकदाचं सुटलं.

"पेन्सिलीनं होतं ते," निळ्या बाई म्हणाल्या. दाताला भूल दिलेली, त्यामुळे शब्द बोबडे आले.

"मग? वाचता येत होतं की."

आता तिला काय सांगणार? पेन्सिल म्हणजे कच्चं, हे सगळ्या जगात दोघींनाच माहीत होतं. त्यांनी तोंडाला रुमाल लावून रिक्षा केली आणि छापखाना गाठला. मालक उत्साहात होते. टाइप करणारी मुलगी दोन दिवस आली नव्हती, पण आज होती, आणि मशीन मोकळं होतं. त्यांनी म्हटलं, संगत तर संगत, आधी हेच उरकू. दुपारपर्यंत सगळं लागलं होतं. दोन संच निघाले होते. एक टेबलावर निळ्या बाईंची वाट पाहत होता.

"आणि दुसरा?"

"हिरव्या बाईंना घरी देऊन आलो मघाशी. म्हटलं, त्यांना कशाला जिने उतरायला लावा."

निळ्या बाई कागदांच्या रिमांवरच बसल्या. मालकांनी पाणी दिलं, दाताला फार दुखतंय का विचारलं. त्यांनी मान हलवली. सांगता येईना की मला तो संच परत आणून द्या. कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायचं तर अकरा महिन्यांची थाप उघडी पडली असती.

शनिवार गेला, रविवार गेला. त्या फोन उचलायच्या आणि ठेवायच्या. फोनवर नाही, असं ठरलेलं. आणि बोलणार काय? ते वाक्य तुझ्याबद्दल नाही म्हणून? एवढी मोठी थाप मारायला त्यांची जीभ लहान होती. रात्रीच्या जेवणात मीठ जास्त आहे म्हणून त्या सुनेवर करवादल्या, आणि सून शांतपणे म्हणाली की आजचं जेवण तुम्हीच केलंय, आई. स्वतःच्या संचाला त्यांनी हातही लावला नाही. अकरा महिन्यांत जो धागा उरला होता, दोघींच्या हातून छापखान्यात जाणारी ती प्रुफं, तोही आपणच तोडला, असं त्यांना वाटत राहिलं. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, मग? खोटं काय लिहिलं?

मंगळवारी छापखान्यातून फोन आला. हिरव्या बाईंचा संच तपासून आलाय.

मालकांनी तो दोऱ्याने बांधून ठेवला होता. निळ्या बाई खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या आणि गाठ सोडली. पहिलं पान पाहिलं आणि कान तापले. हिरवी शाई होती. नेहमीचीच, बारीक, सरळ, मायेचा लवलेश नसलेली. उघडिपीतल्या मित्रापाशी ‘रोज’ या शब्दाखाली रेघ, आणि समासात: ‘चूक. रविवार सोडून. शिवाय दोनदा पावसामुळे नाही.’ शेंगेतल्या दाण्यांपाशी: ‘कुठला दाणा? वाचकाला कळत नाही.’ अर्ध्या चहापाशी: ‘चहा गार होता. वाक्य मात्र छान. ठेवावं.’

पुढच्या पानावर पूल होता. ‘एका वाक्यासाठी तिने तीस वर्षांचा पूल जाळला.’ तिथे ‘एका’ खोडून त्याच्या डोक्यावर एकच शब्द लिहिला होता. ‘सतरा.’

निळ्या बाईंनी कागद मांडीवर ठेवला. सतराच होती. त्यांना आकडा पहिल्या दिवसापासून माहीत होता. जुनी सतरा कार्डं त्यांनी फाडली नव्हती, अवयवांच्या रिकाम्या डब्यात तळाशी ठेवली होती, आणि गेल्या अकरा महिन्यांत तो डबा दोनदा काढून पुन्हा तसाच ठेवला होता. सगळ्यांत तार नव्हती, ट्रंककॉल नव्हता. तशी चारच होती. बाकीची तेरा त्यांनी बदलली, कारण त्यांना वाटलं होतं की आपणही असं लिहू शकतो.

त्यांनी घाईघाईने पुढची पानं उलटली. एक गोष्ट त्या शोधत होत्या, आणि ती सापडेना. एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नव्हता. म्हणजे तिला बोलायचंच नाही. चुका काढल्या, आकडा सांगितला, संपलं. कुणा परक्याचं पुस्तक तपासावं तसं.

"कोपरेही नाही दुमडले हिनं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"एक होता की वळलेला," मालक म्हणाले. ते रद्दीची थप्पी लावत होते. "मी सरळ केला. कागद असा वळलेला मला बघवत नाही. वरून वजन ठेवलं चांगलं दोन तास."

"कुठल्या पानाचा?"

"ते कसं आठवणार, बाई? बावीस पानं आहेत."

चाळीस वर्षं कागद सरळ करण्यात घालवलेला माणूस तो, त्याला काय बोलणार. निळ्या बाईंनी चष्मा पुसला आणि एकेक पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरायला सुरुवात केली. मालक बघत राहिले. मध्ये त्यांनी भिंग आणून दिलं. काही पानांना स्कूटरच्या पिशवीच्या चुण्या होत्या, एकाला चहाचा डाग. बाराव्या पानानंतर निळ्या बाईंची मान अवघडली. दात ठणकत होता. हिला काय अवदसा आठवली कोपरा दुमडायची, सरळ लिहायला काय झालं होतं, असं त्या मनात म्हणत होत्या, आणि पानं काही खाली ठेवत नव्हत्या.

अठराव्या पानावर ती रेघ सापडली. उजव्या वरच्या कोपऱ्यात, नखाने दाबून केलेली, केसाएवढी. ही घडी पिशवीतली नव्हती. त्यांनी एकतीस वर्षं पाहिली होती ती.

पानावर दोन वाक्प्रचार होते. एक, वाटा जिथे फुटतात त्या जागेचा. दुसरा, जे नजरेआड गेलं ते मनाआड गेलं, असं सांगणारा. या दुसऱ्याखाली निळ्या बाईंनी आपली म्हण दिली होती, ‘दृष्टीआड सृष्टी’. ती हिरव्या बाईंना कधीच मान्य नव्हती. पाठीमागे चाललेल्याची फिकीर न करणं वेगळं आणि विसरणं वेगळं, असं त्या पंधरा वर्षं म्हणत आल्या होत्या. म्हणजे याच म्हणीसाठी दुमडलं असणार. निळ्या बाईंना एकदम हुरूप आला. यावर त्यांच्याकडे तीन मुद्दे तयार होते.

ते पान घेऊन त्या घरी गेल्या, अवयवांच्या डब्यातून सतरा कार्डं काढली, रुमालात बांधली आणि मागच्या गल्लीतल्या इमारतीचे चार जिने चढल्या. प्रत्येक जिन्यावर थांबून त्यांनी एकेक मुद्दा मनात घोळवला. मुद्दे तीन होते आणि जिने चार. चौथ्यावर त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

दार उघडायला वेळ लागला नाही. हिरव्या बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ऑपरेशननंतर त्यांना चष्मा लागत नव्हता, त्यामुळे त्या बघायला लागल्या की समोरच्याला लपायला जागा राहायची नाही.

"गाल सुजलाय," त्या म्हणाल्या. "ये."

घर तसंच होतं. खिडकीशी टेबल, टेबलावर हिरवी बाटली. निळ्या बाईंनी रुमालाची गाठ सोडून कार्डं पुढे ठेवली. बोलायचं होतं ते त्यांनी चौथ्या जिन्यावर ठरवलेलं नव्हतं, म्हणून जे आलं ते आलं.

"सतरा आहेत. मोजून घे. चारच जुनी होती, बाकीची मी उगाच बदलली. मला वाटलं, मला येतं."

हिरव्या बाईंनी कार्डं मोजली नाहीत. एकेक उचलून वाचायला लागल्या, आपलंच अक्षर अनोळख्यासारखं. दोन कार्डं बाजूला काढली. ही तुझी बदललेली बरी होती, म्हणाल्या, माझं खरंच शिळं झालं होतं. मग बाकीच्या कार्डांची गड्डी टेबलावर आपटून सारखी केली. निळ्या बाईंना वाटलं, झालं आता, आणि त्या ‘दृष्टीआड सृष्टी’कडे वळणार एवढ्यात हिरव्या बाई म्हणाल्या:

"बदललीस त्याचं नाही गं. विचारलं असतंस तर मी भांडले असते आणि दहा तरी सोडली असती. डोळ्यांवर पट्टी बांधून मी पडले होते, आणि माझ्या हातचं लिहिलेलं माझ्याशिवाय होत होतं. मेल्यावर होतं तसं."

निळ्या बाई मान खाली घालून टेबलावरच्या कापडाच्या सुरकुतीवर बोट फिरवत राहिल्या. चुकलं माझं, हे त्यांच्या तोंडून आलं ते इतकं हळू की हिरव्या बाईंनी "काय?" म्हणून विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मुद्दाम विचारलं होतं की खरंच ऐकू आलं नव्हतं, ते त्यांना पुढेही कळलं नाही.

मग हिरव्या बाईंनी चहा टाकला, आणि निळ्या बाईंनी प्रुफाचं पान काढून म्हणीवर बोलायला सुरुवात केली. पहिला मुद्दा संपायच्या आत हिरव्या बाईंनी हात वर केला.

"ती म्हण राहू दे. कंटाळा आलाय मला तिचा. मी दुमडलं ते वरच्यासाठी."

वरचा म्हणजे वाटा फुटण्याचा. निळ्या बाईंनी पाहिलं. अर्थ त्यांचाच, निळ्या शाईतला, पूर्वीच पक्का केलेला: ‘दोघांचे मार्ग कायमचे वेगळे होण्याची जागा किंवा वेळ.’ त्यात खोट दिसेना.

"कायमचे कुठून आणलंस?" हिरव्या बाई म्हणाल्या. "मुळात कुठे आहे? वाटा फुटतात, एवढंच आहे. पुढे जाऊन मिळतात की नाही, ते इंग्रजाने सांगितलेलं नाही."

"सांगायला कशाला हवं? वापर बघ ना. माणसं कायमचीच वेगळी होतात तिथे."

"तू तीन डब्यांत ‘कायमचे’ घुसवलंयस. मी दोन वेळा सोडून दिलं."

"तेव्हा का नाही दुमडलंस?"

"तेव्हा मला फरक पडत नव्हता."

निळ्या बाईंनी कोश काढायला लावले. हिरव्या बाईंनी दोन जाडे कोश टेबलावर आपटले. एकात त्यांच्या बाजूचं निघालं, दुसऱ्यात यांच्या. चहा गार झाला. पुन्हा केला, तोही गार झाला. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बायका एका शब्दाच्या दोन टोकांना धरून बसल्या आणि कोणी सोडेना. निळ्या बाईंना मनातून दिसत होतं की शब्द काढला तरी आभाळ कोसळत नाही. पण एका दुपारी दोनदा हार मानायची म्हणजे अतीच झालं.

साडेपाचला छापखान्यातून फोन आला. बाकी सगळं लागलं आहे, चुका सुधारल्या आहेत, निळ्या बाई तिथे आहेत का, आणि शेवटची मान्यता कधी देताय. हिरव्या बाईंनी सतरा कार्डं परत जुन्यासारखी लावायची, त्यातली दोन सोडून, एवढं सांगितलं. मग अठरावं पान समोर घेतलं, आणि मालकांनी वजनाखाली सरळ केलेला कोपरा पुन्हा नखाने नीट दाबून दुमडला.

"एक पान बाकी आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "नाही, बरं आहे मला. त्यांनाच बरं नाही, दात दुखतोय. शुक्रवारी सांगते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि ऐका, त्या पानाला हात लावू नका."

निळ्या बाई घरी पोचल्या तेव्हा सून ऑफिसची पिशवी उतरवत होती. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि झालं का एकदाचं, असं विचारलं.

"कसलं झालंय," निळ्या बाई म्हणाल्या, आणि गालाला रुमाल लावून कपाटातून जुना, पुठ्ठा निखळलेला तिसरा कोश शोधायला लागल्या. "एका शब्दावर अडून बसलीय. शुक्रवारी परत जायचंय. नुसतं डोकं उठवलंय तिनं."